दार लावून कापलेली पानं

प्रश्न : मी सोलापुरात एका पतसंस्थेत नोकरी करते. घरकाम निम्मं-निम्मं, असं आम्ही दोघांनी लग्नाआधीच ठरवलं होतं. नवरा सकाळचा चहा करतो, रविवारी भांडी घासतो. सासूबाईंना ते खपत नाही. त्यांनी ३० वर्षं बिड्या वळल्या. "ही पगारवाल्या बायकांची थेरं. आमची हाडं झिजली तवा कुठं होती तुमची स्त्रीमुक्ती?" असं म्हणतात. तीन वर्षांची मुलगी दिवसभर त्यांच्याकडेच असते. अमेरिकेतल्या काळ्या बायकाही गोऱ्या बायकांच्या चळवळीवर नाराज होत्या, असं वाचलं. मग ही चळवळ नेमकी कुणाची? घरात भांडण न होता मी काय करू?

उत्तर : 'दिवसभर त्यांच्याकडेच असते' हे वाक्य मी दोनदा वाचलं. तुमच्या निम्म्या-निम्म्या हिशेबात ते कुठं बसलं? चहा नवऱ्याचा, स्वयंपाक तुमचा, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लहान मूल सांभाळणं कुणाच्या नावावर? सासूबाईंचा राग लेकाच्या हातातल्या घासणीवर आहे, असं तुम्हाला वाटतंय. मला तो या न मांडलेल्या हिशेबावरचा वाटतो.

मी सोलापूरच्याच पूर्वभागात वाढले. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. अम्मा बिड्या वळायची. भिजवलेली तेंदूपानं ओल्या गोणपाटात गुंडाळलेली असायची. मांडीवर सूप घ्यायचं, पत्र्याचा साचा ठेवून पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार बिड्यांवर. कारखान्यात तपासणाऱ्यानं छाट काढली की तेवढी मेहनत वाया. त्याच हातानं ती आम्हाला भात कालवून द्यायची, भाताला तंबाखूचा वास यायचा. 'बायकांना कमवू द्या' ही मागणी आमच्या गल्लीत कुणाला कळलीच नसती, सगळ्याच कमवत होत्या. हात रिकामे ठेवून घटकाभर बसायला मात्र एकीलाही मिळत नव्हतं.

वडील यंत्रमागावर. बारा तास उभं राहून यायचे, केसांत कापसाचं तूस, आणि मागाच्या खडखडाटामुळं घरातही ओरडून बोलायचे. त्यांना मालक पिळायचा, हे खरं. घरी आल्यावर पाण्याचा तांब्या जागेवर लागायचा, हेही खरं. पण वीज जाऊन माग बंद पडले की ते दार आतून लावून अम्माशेजारी पानं कापायला बसायचे. हात चांगला होता त्यांचा. कडी वाजली की कात्री तिच्याकडं सरकवायचे. काम येत होतं, करायची तयारी होती. गल्लीनं पाहू नये, एवढंच.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. जनरल मोटर्समधून कमी केलेल्या पाच काळ्या बायकांनी दावा लावला होता. वंश आणि बाईपण एकत्र धरून दाद मागता येणार नाही, असा निकाल १९७६ साली लागला. कंपनीत बायका होत्या, पण गोऱ्या. काळे कामगार होते, पण पुरुष. या दोन्हींच्या मधल्या फटीत त्या पाचजणी पडल्या. कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ साली हाच खटला घेऊन ती फट दाखवून दिली. आपल्याकडं त्या फटीत जात येते, मजुरी येते. सासूबाई वेगळं काय विचारताहेत?

त्यांच्या प्रश्नाला एक उत्तर सोलापूरजवळ कुंभारीला उभं आहे. बिडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची १० हजार घरांची वसाहत झाली. २००६ साली घरं मिळाली. त्या मोर्च्यांना कुणी स्त्रीमुक्ती म्हटलं नसेल, मी म्हणते.

आता तुमचं. मुलीला अर्धा दिवस बालवाडीत घाला, खर्च दोघांच्या पगारातून करा. तिला आणायला-सोडायला तुमच्या नवऱ्यानं जावं, रोज, नुसतं रविवारी नाही. मोकळ्या झालेल्या दुपारचं काय करायचं, ते सासूबाईंना ठरवू द्या. 'भजनाला जा' असंही सुचवू नका.

लेकाला भांडी घासताना बघून त्या पुन्हा चिडल्या, तर वाद घालू नका. शेजारी बसा आणि विचारा, मामंजी कधी दार लावून पानं कापायला बसले होते का?