खुलभर दूध आणि तुझा ड्राफ्ट

काय गं,

खुलभर दुधाच्या कहाणीवरून लिहिलेली तुझी कथा परवाच वाचली, रिप्लायला उशीर झाला कारण मधे आईचं ते श्रावणातल्या कहाण्यांचं पातळ पुस्तक शोधत बसले, हळदीचे डाग पडलेलं. सापडलं. खुलभर दुधाची कहाणी परत वाचली आणि मग पुन्हा तुझी.

तू राजाचा आमदार केलास ते ठीक, पण पहिल्याच पॅरात त्याला दुष्ट ठरवून मोकळी झालीस. कहाणीत तसं नाहीये ना! तिथे राजा भक्त आहे, त्याला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचाय, म्हणून हुकूम, की घरातलं सगळं दूध देवळात आणा. लोक आणून ओततात, गाभारा काही भरत नाही. का, ते कोणी सांगत नाही. मग दुपारी ती म्हातारी येते, घरच्यांचं खाणंपिणं आवरून, लेकरांवासरांना दूध पाजून, सुनांना न्हाऊमाखू घालून, उरलंसुरलं खुलभर दूध घेऊन, आणि तेवढ्याने गाभारा भरतो. दुसऱ्या सोमवारी राजा देवळाशी शिपाई बसवतो, तरी कारण कळायला तिसरा सोमवार उजाडतो. पाच मिनिटांची गोष्ट, पण उत्तर तीन सोमवार दाबून धरलंय. तू ते आधीच फोडलंस. (शिपायाच्या जागी सीसीटीव्ही मात्र भारी, तो ठेव.)

आणि ते तू विचारलंयस की या गोष्टी आता सगळ्यांनी वापरून झाल्यात, त्यात उरलंय काय. तर बघ, १८८३ साली लालबिहारी डे यांनी बंगालच्या लोककथा छापल्या, त्यात एक भूत आहे. ब्राह्मण पैसे कमवायला परगावी जातो, भूत त्याचं रूप घेऊन घरात राहतं, खरा नवरा परत आल्यावर गुराख्यांचा पोर शक्कल लढवून भुताला कुपीत कोंडतो. खेळ खल्लास. बायकोला काय वाटतं हे कोणी विचारतच नाही. आता विजयदान देथांची ‘दुविधा’ ही कथा घे, राजस्थानातली, जिच्यावर मणी कौलने १९७३ मध्ये सिनेमा केला. तिथेही नवरा व्यापाराला जातो, तिथेही भूत येतं, शेवटी धनगर त्याला पाण्याच्या कातडी पिशवीत अडकवतो. पण देथांचं भूत पहिल्याच रात्री नवरीला खरं सांगून टाकतं, आणि मग ठरवायचं तिने. एवढाच फरक, पण त्यानंतर धनगराच्या हुशारीवर टाळ्या वाजवायला हात उचलत नाहीत.

ट्विस्ट शोधू नकोस गं, ट्विस्टचा मला वैतागच आहे. गोष्ट कुणाच्या शेजारून न बघता जाते ते शोध. तुझ्या कथेत मला त्या सुना हव्यात. त्या एक अक्षर बोलत नाहीत, सासू आज आपलं सगळं करतेय आणि बाहेर राजाचा हुकूम मोडतेय हे त्यांना माहीत होतं का? दार कोणी लावून घेतलं असेल?

आणि वाचून नको, आजीकडून ऐक, फोन रेकॉर्डिंगला लाव. आमची आई कहाण्या ओट्यापाशी उभी राहून वाचायची, दूध गॅसवर. ‘उतू नको, मातू नको’ आलं की थांबायची. आम्हाला वाटायचं काय भक्तिभाव! ती पातेल्याकडे बघत असायची.