‘तिला सांगू नकोस, दूध आटेल’

हे पत्र ठाण्यातील मानपाड्याहून आले आहे. लिहिणाऱ्यांनी नाव न घालता खाली ‘पाच महिन्यांच्या मुलीचा बाप’ एवढेच लिहिले आहे. पत्र मोठे आहे. त्यातला आवश्यक भाग त्यांच्याच शब्दांत देते.

“ताई, तीन आठवड्यांपूर्वी आमची मुलगी पलंगावरून पडली. बायको दाताच्या डॉक्टरांकडे गेली होती. बाळाला घरी ठेवून ती पहिल्यांदाच बाहेर पडली होती. माझा घरून कामाचा दिवस होता. मुलीला पलंगाच्या मधोमध ठेवले, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि लॅपटॉपचा चार्जर आणायला हॉलमध्ये गेलो, तोच धप्प आवाज आला. पलंग आणि कपाट यांच्या मधल्या जागेत ती पालथी पडली होती. क्षणभर आवाजच नाही, मग खूप रडली. कपाळावर लाल वळ उठला होता, तो संध्याकाळपर्यंत गेला. माझ्या आईने मीठमोहऱ्या उतरवल्या आणि म्हणाली, ‘तिला सांगू नकोस. नुसती रडत बसेल, दूध आटेल. तूही लहानपणी ओटीवरून पडला होतास, काय झाले?’ मी सांगितले नाही. दोन दिवसांनी मुलगी बायकोसमोर पालथी पडली. बायकोने ‘पहिल्यांदा!’ असे लिहून घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या, मीही पाठवल्या. आता पंधरवड्याने तिची रजा संपते आहे. ऑफिसातून बाळ दिसावे म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लावू या, असे ती म्हणते. आईला तो स्वतःवरचा पहारा वाटतो, आणि मला कॅमेऱ्याचे नाव निघाले की घाम फुटतो. हल्ली बायको समोर असली की मी मुलीला उचलायचे टाळतो. सांगू का? आणि सांगायचे तर आईला मध्ये न आणता कसे सांगू?”

सांगा. हे वाचून झाल्यावर पहिली सवड मिळेल तेव्हा सांगा. कारणे पुढे लिहितेच, पण आधी बाळाचे पाहू, कारण तुमच्या पत्रात जी गोष्ट मी मुद्दाम शोधली ती सापडली नाही. तुम्ही तिला डॉक्टरांना दाखवले का? माझा अंदाज असा की नसावे, कारण डॉक्टरांकडे नेले असते तर त्यांनी ते बाळाच्या फाइलमध्ये लिहिले असते आणि ती फाइल तुमच्या पत्नीच्या हाताखालची आहे. म्हणजे गोष्ट लपवण्याच्या नादात बाळाची तपासणीही राहून गेली. तुम्ही ठरवून तसे केले असेल असे मी म्हणत नाही. पण घरात एक गोष्ट झाकायची ठरली की तिच्याबरोबर आणखी काय काय झाकले जाते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

वर्षाच्या आतले बाळ डोक्यावर आपटले तर वरकरणी काही दिसत नसले तरी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. वारंवार उलट्या, नेहमीच्या झोपेहून वेगळी अशी गुंगी, दूध ओढायला नकार, फुगलेली टाळू, डोक्यावर मऊ लागणारे टेंगूळ, झटके, बेशुद्धी, नाकाकानातून येणारे रक्त किंवा पाणी, यांपैकी काहीही दिसले तर घरात चर्चा न करता थेट रुग्णालय गाठायचे असते. तीन आठवडे उलटून गेले आहेत आणि तुमच्या लिहिण्यानुसार मुलगी नीट दूध पिते, कुकरची शिटी झाली की खुदकन हसते, तेव्हा घाबरण्याचे कारण बहुधा उरलेले नाही. तरीही सहा महिन्यांच्या तपासणीची वाट न पाहता याच आठवड्यात तिला दाखवून आणा आणि काय घडले ते डॉक्टरांना सरळ सांगा. घोडबंदर रस्त्याची संध्याकाळची कोंडी तुम्हाला मी सांगायला नको. लहान मुलांसाठी रात्रीही तातडीची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, ते एकदा पाहून ठेवा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक घरातल्या तिघांच्याही फोनमध्ये असू द्या.

आता तुमच्या आईंच्या म्हणण्याविषयी. दुःखाची बातमी ऐकून बाळंतिणीचे दूध आटते, हा आपल्याकडचा जुना समज आहे. त्यात तथ्य आहे ते इतकेच की मन फार अस्वस्थ असले तर दुधाचा पान्हा काही वेळ सहज फुटत नाही. दूध तयार होणे मात्र बाळ किती वेळा आणि किती नीट ओढते यावर अवलंबून असते, आणि एका वाईट संध्याकाळने ते बंद होत नाही. तुमची पत्नी रडेल, चिडेल, कदाचित रात्रभर तुमच्याशी बोलणार नाही. आणि त्या रात्रीही मुलीला नेहमीसारखे पाजेल.

ओटीवरून तुम्ही पडलात तेव्हा काय झाले, हा आईंचा प्रश्न खरा आहे आणि त्यामागे माया आहे. मुले पडतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ पालथे पडू लागते आणि ते नेमके कोणत्या दुपारी जमेल हे कोणालाही आधी कळत नाही. काल जिथे ठेवले तिथेच सापडणारे बाळ आज पलंगाच्या कडेला पोहोचलेले असते. उशा लावून ते अडत नाही. उलट नाकातोंडावर उशी आली तर गुदमरण्याचा धोका असतो, म्हणून त्या आजच पलंगावरून उचला आणि यापुढे तिला जमिनीवर सतरंजी किंवा पातळ गादी घालून ठेवत जा. ती पडली यात तुमचा गाफीलपणा होता, पण तो ज्याच्या हातून घडत नाही असा आईबाप मला अजून भेटायचा आहे. त्या दुपारसाठी मी तुम्हाला बोल लावणार नाही.

नंतरच्या तीन आठवड्यांविषयी मात्र मला बोलायचे आहे. पंधरवड्याने तुमची पत्नी घराबाहेर पडणार आहे आणि मुलीला कोणाच्या हाती, कोणत्या खोलीत, कशा व्यवस्थेत ठेवून जायचे, हे ती आत्ता ठरवते आहे. तुम्हाला आणि आईंना ठाऊक असलेली एक महत्त्वाची गोष्ट तिला ठाऊक नाही. तिच्या पोटच्या मुलीविषयी तुम्ही दोघे अधिक जाणता आणि ती कमी जाणते, अशी ही विभागणी आहे. तिचे मन जपण्यासाठी हे केले असे तुम्हाला वाटत असेल, पण निर्णय घेणाऱ्या माणसाला अर्धीच माहिती देण्याला मी जपणे म्हणणार नाही. शिवाय अशा गोष्टी घरात राहत नाहीत. आई कधीतरी फोनवर एखाद्या नातेवाइकाला सहज बोलून जातील, किंवा वर्षभराने मुलगी खुर्चीवरून घसरेल आणि त्यांच्या तोंडून ‘तेव्हासारखे’ असा शब्द निघेल. त्या दिवशी तुमच्या पत्नीला एका पडण्याचा नव्हे, तर सबंध वर्षाचा हिशेब लावावा लागेल.

सांगायचे कसे, तेही लिहिते, कारण पुरुषांना ‘बोलून घ्या’ एवढाच सल्ला दिला की ते बहुधा चुकीच्या जागी बोलतात. बायकोला उपवन तलावावर किंवा तलावपाळीला फिरायला नेऊन, भेळ खाऊ घालून ही गोष्ट सांगू नका. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा मुलीला उचलेल, टोपडे काढील, टाळूवरून, कानामागून, मानेवरून बोटे फिरवील, हातपाय हलवून पाहील. तीन आठवड्यांनंतर हाताला काही लागणार नाही हे तिलाही कळत असेल, तरी ती पाहील, आणि ते तिला शांतपणे करता यावे म्हणून घरी, मुलगी जागी आणि जवळ असताना सांगा. घर वन बीएचके असल्याचे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा आई खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसतात ती संध्याकाळची वेळ निवडा. घडले ते घडले त्या क्रमाने सांगा: कुठे ठेवले, कशासाठी गेलात, कशी सापडली, किती वेळ रडली, वळ कुठे होता. सुरुवात ‘घाबरू नकोस’ अशी करू नका, त्याने माणूस आधीच घाबरतो. ‘काही झाले तर नाही ना’ हे वाक्य गिळून टाका. ‘तूही त्या दिवशी आंघोळीच्या वेळी’ असे काही आठवले तर तेही गिळा. शेवटी डॉक्टरांची वेळ घेतली आहे असे सांगता आले पाहिजे, म्हणून ती आधी घेऊन ठेवा.

व्हिडिओचे तिला बहुधा लगेच आठवेल. मुलगी त्याआधीच पालथी पडली असणार, म्हणूनच पलंगावरून घसरली, हे गणित ती स्वतःच मांडील. तुम्ही होऊन ते मांडू नका, आणि तिने विचारले तर ‘हो’ म्हणा. तिचा आनंद खोटा ठरत नाही. कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेली पहिली वेळ तीच होती, आणि ती तिने पाहिली. टाळ्या पाठवताना तुम्हाला काय वाटले असेल याची मला कल्पना आहे. बापाच्या वाट्याला आलेली एक फार मोठी गंमत तुम्ही न पाहता गमावलीत आणि पुढे ती पाहिल्याचा आनंदही तुम्हाला मोकळेपणाने करता आला नाही.

आईंना आधी कल्पना द्या, म्हणजे त्या सुनेसमोर अचानक उघड्या पडणार नाहीत. ‘आई, मी तिला आज सांगणार आहे. तुझे नाव मी पुढे करणार नाही, पण तिने विचारले तर खोटेही बोलणार नाही,’ एवढे पुरे. पत्नीशी बोलताना ‘आई म्हणाली म्हणून सांगितले नाही’ हे वाक्य कोणत्याही परिस्थितीत वापरू नका. सल्ला आईंनी दिला, पण तो मानला तुम्ही, आणि तीन आठवडे रोज नव्याने मानला. पंधरवड्यानंतर सासू-सुनेला दिवसातले बारा तास एकमेकींच्या विश्वासावर काढायचे आहेत. तुमची सुटका व्हावी म्हणून त्या विश्वासाला तडा जाऊ देऊ नका. आई आपले घर बंद करून नातीसाठी येऊन राहिल्या आहेत, हेही सांगण्याच्या ओघात कोणी विसरू नये.

पत्रातले जे वाक्य मला सर्वांत अधिक खटकले, ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिले आहे. बायको समोर असली की तुम्ही मुलीला उचलत नाही. पडण्याने झाले नसेल ते नुकसान यातून होऊ शकते, कारण बाळ हाताळणे हे हाताळूनच येते. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने आईची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, हे चांगलेच झाले. परंतु केंद्र सरकारी नोकराला १५ दिवस मिळतात आणि खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही मिळत नाही. परिणामी सहा महिन्यांत आई तरबेज होते आणि बाप संध्याकाळचा पाहुणा राहतो. तिची रजा संपण्याआधी निदान दोन पूर्ण दिवस तिने सकाळीच बाहेर पडावे आणि घर तुमच्यावर व आईंवर सोपवावे. त्या दिवशी लंगोट बदलणे, आंघोळ, मांडीवर घेऊन झोपवणे, ढेकर काढणे हे सगळे तुम्ही करा. आईंनी फक्त पाहावे आणि विचारले तरच सांगावे. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने पाजण्याचा सरावही याच दिवसांत करा, कारण तिला तुमच्या हातून प्यायची सवय लागायला वेळ लागेल आणि पहिल्या खेपेला निम्मे दूध तुमच्या शर्टावर जाईल. असे दूध बाहेर चार तास आणि फ्रीजमध्ये चार दिवस राहते. ठाण्याच्या उकाड्यात ते काढल्याबरोबर फ्रीजमध्येच ठेवलेले बरे. हे दोन दिवस लॅपटॉप उघडायचा नाही. घरून काम आणि बाळ सांभाळणे ही एका वेळी करण्याची कामे नाहीत, हे तुम्हाला आता कोणी पटवून द्यायची गरज नाही.

राहिला कॅमेरा. त्याचा निर्णय सांगून झाल्यावरच घ्या, आधी नको. आज तुम्ही ‘नको’ म्हणालात तर उद्या त्या ‘नको’चा अर्थ वेगळाच निघेल. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असावी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावे, असेही २०१७ च्या त्याच दुरुस्तीने आले, तेव्हा तुमच्या पत्नीने आपल्या ऑफिसात त्याचीही चौकशी करावी. एवढे करून कॅमेरा लावायचाच ठरला, तर तो मुलीच्या सतरंजीकडे तोंड करून लावा, आईंच्या झोपण्या-बसण्याच्या जागेकडे नव्हे. त्याविषयी आईंशी तुम्ही दोघांनी एकत्र बसून बोला आणि त्यांना नको असेल त्या वेळी तो बंद कसा करायचा, ते त्यांना शिकवून ठेवा.