नोंद नाही, तर अपघातही नाही

पोरा,

तुझा मेसेज वाचला. महामार्गावरच्या तुमच्या फाट्यावर जो अपघात झाला तो वाईटच झाला, त्यावर मी वेगळं काय लिहू. निंदणावरून परतणाऱ्या बाया डोक्यावर भारा घेऊन दुभाजकाच्या कटमध्ये उभ्या राहतात आणि दोन ट्रकांमधल्या फटीची वाट बघतात, हे तूही रोज पाहतोस आणि मीही पाहिलंय. तुझा प्रश्न एवढाच की सोमवारच्या रास्ता रोकोत बसू की नको. बसलो आणि गुन्हा दाखल झाला तर पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत अडकतो, नाही बसलो तर पोरं भित्रा म्हणतात.

ते तुझं तू ठरव. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 चं कलम 8ब वाच आणि मग ठरव. महामार्ग अडवला तर त्यात पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मला चीड आली ती वेगळ्याच ओळीची. सोयाबीनच्या हंगामात ट्रॅक्टरला मागून धडक बसली, पोराचा पाय मोडला, असं लिहून पुढे तू सहज लिहितोस, ‘ते आपसात मिटलं.’ कोणी मिटवलं? कुठे बसून मिटवलं? ठाण्यात नोंद केली का? नाही ना! मग तो अपघात झालाच नाही असं समज.

मी बांधकाम खात्याच्या उपविभागात कारकुनी केली. गावोगावची निवेदनं माझ्या टेबलावरून गेली. ‘आमच्या गावाजवळ नेहमी अपघात होतात, तरी गतिरोधक बसवून मिळावा ही नम्र विनंती.’ खाली सरपंचाचा शिक्का, सह्या, अंगठे. उत्तरही ठरलेलं: ‘सदर ठिकाणी अपघातांची नोंद आढळून येत नाही.’ की पत्र दप्तरी दाखल. ते उत्तर टाइप करणारा मीच. आणि सांगतो, ते उत्तर खोटं नसायचं. नोंद नसायचीच.

ब्लॅक स्पॉट, म्हणजे सरकारी हिशेबातलं अपघाताचं ठिकाण, कसा ठरतो माहीत आहे? साधारण 500 मीटरचा पट्टा धरतात. त्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे 5 अपघात, नाहीतर एकूण 10 मृत्यू. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत होते. म्हणजे ट्रॅक्टरवरच्या त्या पोराचा पाय हिशेबात धरण्यासारखा होता. पण हिशेब होतो पोलिसांकडच्या नोंदीवरून, पारावरच्या गप्पांवरून नाही. तुमच्या फाट्यावर किती हाडं मोडली ते गावाला तोंडपाठ आहे आणि सरकारी कागदावर जवळपास काही नाही.

मिटवामिटवी कशी होते तेही मी जवळून पाहिलंय. ट्रकमालकाचा माणूस मोटारसायकलवर येतो, ढाब्यावर चहा सांगतो, गोड बोलतो. ‘कोर्टकचेरीत काही ठेवलं नाही जी.’ माझ्या साडूच्या कापसाच्या बंडीला रात्री मागून ट्रक भिडला. बंडीला रेडियम नव्हतं, हेही खरं. एक बैल जागीच गेला, साडूचं कंबरेचं हाड मोडलं. ढाब्यावर बैलाची किंमत ठरली. घासाघीस करून चांगली ठरवली पंचांनी. माणसाच्या कंबरेची गोष्ट कोणी काढलीच नाही! मी सरळ ठाण्यात जाऊन तक्रार दिली. झालं, बैलाचे पैसेही अडकले. थर्ड पार्टी विम्याचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणात लागला, पैसे मिळाले, पण तोवर एक वावर विकून झालं होतं. साडू म्हणतो, ‘तुमाले माणसापरस कागद जास्त.’ अजून बोलत नाही माझ्याशी. बायकोही अधूनमधून ऐकवते. ते वावर गेलं याचं मला दुःख आहे, नाही असं नाही. पण तुमच्या फाट्याच्या नावावर ठाण्यात त्या काळातली जी एकुलती एक नोंद आहे ना, ती तीच आहे. मी आजही तेच करीन. म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते.

सोमवारी कोणीतरी भाषणात म्हणेलच, ‘वाघाला बोगदा, माणसाला का नाही?’ टाळ्याही पडतील. ह्याच 44 नंबरच्या महामार्गावर (आम्ही जुने लोक अजून सात नंबरच म्हणतो) मनसर ते खवासा पट्ट्यात पेंचच्या जंगलातल्या जनावरांना खालून जाता यावं म्हणून 9 बांधकामं केली, 50 मीटरपासून 750 मीटरपर्यंत रुंद. पण ते फुकट नाही मिळालं. वाघाच्या बाजूने न्यायालयात भांडणाऱ्यांच्या हातात अभ्यास अहवाल होते. खाली कॅमेरे लावून कोणता वाघ गेला तेही नोंदवलं. वाघाची नोंद आहे रे, आपल्या निंदणवाल्या बायांची नाही. वाघावर कशाला चिडता?

आणि ते गतिरोधकाचं तुणतुणं आता बंद करा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक बसवायला परवानगी नाही, त्यामुळे तुमची मागणी पहिल्याच टेबलावर मरते. बायांना आणि ढोरांना खालून जाता येईल असा भुयारी मार्ग मागा, सर्व्हिस रोड मागा, फाट्यावर दिवे आणि गाडी थरथरवणाऱ्या रम्बल पट्ट्या मागा. दुभाजक फोडून केलेला कट गावानेच केलाय, कोणी केलाय ते तुलाही माहीत आहे. तो बंद करायची तयारीही त्याच ठरावात लिहावी लागेल. लोक ओरडतील. वावर पलीकडे असणारे जास्तच ओरडतील, आणि त्यांची अडचण खोटी नाही. म्हणून भुयारी मार्ग आधी, कट बंद नंतर, असा क्रम लिहून घ्या.

साक्षीदार व्हायला पोरं भितात म्हणतोस. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलंय, अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणूनच. त्याच दुरुस्तीतलं 198अ रस्ता चुकीचा बांधणाऱ्या, नीट न राखणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला 1 लाखापर्यंत दंड सांगतं. पण तिथवर जायचं तरी सुरुवात ठाण्यातूनच आहे. नोंद, नोंद, नोंद. कंटाळलास ना वाचून? मी आयुष्यभर हेच सांगून गावाला कंटाळवलंय.

तू पोलीस व्हायला निघालास, मग हे काम तुझंच नाही तर कोणाचं? ठाण्यात माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाक: मागच्या तीन वर्षांतले फाट्याच्या आसपासचे अपघात, तारीख आणि किलोमीटरसह. दुसरी यादी गावात फिरून कर. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या की ठाणेदार, सरपंच आणि तुमचे ढाब्यावरचे पंच, तिघांचीही तोंडं बंद होतील. ग्रामसभेच्या ठरावात ‘मोठ्या पिंपळाजवळ’ असं लिहू नको, इंजिनिअरला पिंपळ दिसत नाही. किलोमीटरच्या दगडावरून साखळी क्रमांक, म्हणजे जागेचं किलोमीटर-मीटरमधलं नेमकं अंतर, काढ. ठराव जिल्हाधिकाऱ्यांच्या रस्ता सुरक्षा समितीकडे दे, प्रत महामार्गाच्या प्रकल्प संचालकांना, आणि आवक क्रमांक हातात पडल्याशिवाय कचेरीतून उठू नको. रास्ता रोको केलात आणि साहेब आले, तर त्यांच्याकडून तारीख लिहून घ्या. ‘आश्वासनानंतर आंदोलन मागे’ ही बातमी मी इतक्यांदा वाचली आहे की आता पेपरवाल्यांचीही कीव येते.

आणि हो, पहाटे अंधारात तुम्ही पोरं पांढऱ्या पट्टीवरून ट्रककडे पाठ करून धावता, ते आधी थांबव. शाळेचं मैदान आहे. रस्त्यावरच धावायचं असेल तर समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून धावा. तुझ्या आईला मी ओळखतो, म्हणून बोलतोय.

आजच्या आज त्या ट्रॅक्टरवाल्या पोराच्या घरी जा आणि पायाचा एक्स-रे, दवाखान्याची चिठ्ठी कुठे आहे ते विचार. तक्रार उशिरा दिली तरी चालते, उशिराचं कारण लिहावं लागतं. घर सारवताना असे कागद फेकून देतात लोक.

काकाजी