हरिदादाचे आडनाव

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोन प्रश्न एकदमच विचारलेस. ‘काला’ हा तमिळ चित्रपट पाहताना त्यातल्या हरिदादाचे पूर्ण नाव कळले तेव्हा बाबा का हसले, आणि त्याच्या घरी रामायणाचे वाचन चालू असताना आपण सगळे रावणाच्या बाजूचे कसे झालो? तेव्हा मी विषय टाळला, कारण उत्तर लांब होते आणि थोडे अडचणीचेही होते.

नाना पाटेकरांनी रंगवलेल्या त्या पुढाऱ्याचे आडनाव अभ्यंकर आहे. तुला त्यातून काहीच ऐकू आले नाही, याचे मला बरेच वाटले. आमच्या पिढीच्या मराठी माणसाला मात्र आडनाव कानावर पडताच जात कळते, निदान कळल्यासारखी वाटते, आणि देश सोडला तरी हा कान काही सुटलेला नाही. ते आडनाव आपल्यासारख्याच ब्राह्मण घरांतले आहे. धारावीतल्या तमिळ वस्तीची गोष्ट सांगणाऱ्या पा. रंजित या तमिळ दिग्दर्शकाने २०१८ साली आपली ही खूण इतकी अचूक पकडावी, म्हणून बाबांना हसू आले. चोरी उघडकीला आल्यावर येते तसे.

त्याच चित्रपटात हरिदादा वस्तीचा नायक काला याच्या घरी येतो, त्याला पाणी दिले जाते आणि तो ते पीत नाही. तुझ्या दृष्टीने पाहुण्याला तहान नसावी, इतकेच. मला मात्र महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्यायले, ते काही तहान भागवण्यासाठी नव्हे. आणि कालाच्या घरचा तो पेला तसाच राहतो, तोही तहान नाही म्हणून नव्हे.

आता रावणाविषयी. दादासाहेब फाळके यांनी १९१७ साली ‘लंकादहन’ काढला तेव्हा प्रेक्षक मारुतीच्या बाजूने आग पाहत होता, आणि लंकेत घरे कोणाची होती हा प्रश्न उद्भवत नव्हता. (त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या होत्या, हे तुला आवडेल.) रंजित यांनी कॅमेरा जळणाऱ्या वस्तीत नेऊन ठेवला. हरिदादाच्या घरच्या पोथीतला रावणवध आणि त्याने कालाच्या वस्तीवर करवलेला हल्ला आलटून पालटून दिसू लागले की आपली बाजू आपोआप ठरते. तरीही हा उलटा मांडलेला डाव मला पुरता पटत नाही. वाल्मीकींचा रावण पुलस्त्य ऋषींच्या कुळातला, म्हणजे ब्राह्मणच. तप केले म्हणून रामाच्या हातून मारला जातो तो शूद्र शंबूक उत्तरकांडात आहे, आणि आंबेडकरांनी १९३६ साली बोट ठेवले ते त्याच्यावर. मोठ्या खर्चाच्या रामकथा युद्धाशी थांबतात, त्यामुळे त्यांना त्याच्याकडे पाहावे लागत नाही.

यापेक्षा मला अधिक खुपते ती हरिश्चंद्राची गोष्ट. फाळक्यांचा १९१३ सालचा पहिला चित्रपट तिच्यावर होता आणि ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालचा मराठी बोलपटही तिच्यावरच. त्या कथेत राजाच्या दैन्याची परिसीमा कोणती, तर स्मशानात डोंबाची चाकरी. आजी ही गोष्ट सांगायची आणि तेथे पोहोचली की मी रडायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच स्मशानात राबणाऱ्या डोंबासाठी मात्र मला एकदाही रडू आले नाही.

कर्णाच्या बाबतीत गंमत वेगळी आहे. ‘सूतपुत्राला मी वरणार नाही’ हे द्रौपदीचे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात असंख्य हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या मुख्य पाठात हे वाक्य नाही. ज्यांना स्वयंवरातले ते धनुष्य वाकवता आले नाही, त्यांत तेथे कर्णाचेही नाव येते. म्हणजे हा अपमान कोणीतरी पुढे घातला, आणि ऐकणाऱ्यांना तो ओळखीचा वाटला म्हणून टिकला, असे माझे मत आहे. मारी सेल्वराज यांच्या २०२१ सालच्या ‘कर्णन’मध्ये शाप नाही की कवचकुंडले नाहीत; कर्णन ज्या गावात राहतो तेथे बसच थांबत नाही. गावावर तुटून पडणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव कन्नबिरान, म्हणजे कृष्णाचेच एक नाव. हा चित्रपट मला ‘काला’पेक्षा सरस वाटतो; तू आलीस की लावू.

उलटी बाजू घेणे हे आपल्याकडे नवे आहे, असे मात्र समजू नकोस. आजी दिवाळीत ओवाळताना ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणते. बळी म्हणजे वामनाने पाताळात घातलेला राजा, आणि आपण देवघरासमोर उभे राहून राज्य मागतो ते त्याचे! जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हाच बळी बहुजनांचा राजा म्हणून उभा केला. आपल्या घरात दासबोध होता, ज्ञानेश्वरी होती. ‘गुलामगिरी’ मी चाळिशी उलटल्यावर वाचले.

बाबांच्या हसण्याचे कारण मी वर लिहिले खरे, पण ते माझे अनुमान आहे. काल त्यांना विचारले, तर ते उठून उघडी नसलेली खिडकी लावायला गेले. तूच विचारून पाहा.

तुझी आई