हिशेबनिसाची कादंबरी

प्रश्न : मी साताऱ्यात एका सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात आहे. वय सत्तेचाळीस. औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला घातलेल्या वेढ्यावर साहसकादंबरी लिहितोय. राजाराम महाराजांच्या निधनाची बातमी घेऊन एक जासूद लख्ख चांदण्यात सिंहगडाहून दौडत निघतो, इथून सुरुवात. साठेक पानं झाली आणि गाडी अडली. आयुष्य फायलींत गेलेल्या माणसाला हे जमेल का? स्वेच्छानिवृत्ती घेऊ का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : निवृत्ती मुळीच घेऊ नका. पगार बंद झाला की माणूस कादंबरी घाईने संपवतो, आणि ते छापून आल्यावर दिसतं.

आता चांदणं. महाराज गेले ते फाल्गुन वद्य नवमीला, मार्च 1700 मध्ये. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. तेव्हा तुमच्या जासुदाला निम्मी रात्र अंधारातच काढावी लागणार. मला विचाराल तर प्रसंग उलट चांगला होईल. घोडा ठेचकाळेल, वाट चुकेल, चौकीवाल्याला जासुदाचा चेहरा दिसणार नाही. जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांचा मेळ सांगणारं पुस्तक, जवळ ठेवा. आणि 'पाच मिनिटं थांबला' असं लिहू नका, तेव्हा वेळ घटकेत मोजत. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं.

पण गाडी अडली ती चांदण्यामुळे नव्हे. जासूद तुम्हाला परका आहे, म्हणून अडली. घोड्यावर शेवटचे कधी बसला होता? तुम्हाला कोठी कळते. गडाचा मुख्य तो हवालदार, हजेरी नि दफ्तर बघणारा तो सबनीस, आणि त्यांच्या जोडीला कारखानीस असे. धान्य, दारूगोळा, सगळा साठा त्याच्या हिशेबात. त्याच्या हाताखालचा एखादा कारकून उभा करा. डिसेंबर 1699 ते एप्रिल 1700 वेढा चालला, किल्लेदार प्रयागजी प्रभू. दाणागोटा कमी पडत होता, आणि शहाजादा आझमशहाच्या मूक संमतीने आत रसद गेली, असं मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफ या इंग्रजी लेखकाने लिहून ठेवलंय. शत्रूच्या मुलाकडून आलेली पोती वहीत कोणत्या नावाने जमा करायची? आवक-जावक सांभाळलेल्या माणसाइतकं हे कोण रंगवील! मार्चअखेरीला वरच्याची सही मिळत नाही तेव्हा पोटात जो गोळा येतो, तोच त्या कारकुनाला द्या.

सुरुंगांचा प्रसंग मात्र हात आखडून लिहू नका. पहिल्या स्फोटात कडा आत कोसळला, प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसरा बाहेरच्या बाजूला फुटला नि मोगलांचीच माणसं चिरडली. कादंबरीकाराने असं रचलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

रविवारी किल्ल्यावर जा, पण नेहमीसारखं फिरायला नको. तटावरून सज्जनगड दिसतो, तोच तेव्हाचा परळी. तिकडून निघालेल्या माणसाला छावणी चुकवून वर यायला डोंगराची कुठली सोंड सोयीची, ते उन्हातान्हात पायांनी बघा.

साठ पानं फाडू नका. जासूद दुसऱ्या प्रकरणात येऊ दे, आणि बातमी पहिल्यांदा त्या कारकुनालाच सांगू दे.