छोटी होडी डुलू नये म्हणून

ऐरोलीच्या खाडीत आपण नवी होडी उतरवणार असाल, तर उलांडी (होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेला तरंगता ओंडका) जोडण्याचा खर्च करण्यापूर्वी वजन खाली आणण्याचा प्रयत्न करावा. बसण्याची फळी काही इंच खाली घेतली, तरी गुरुत्वमध्य उतरतो आणि होडीचे डुलणे कमी होते. तळाशी भार ठेवायचा झाल्यास वाळूची पोती टाळून पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन मध्यरेषेवर घट्ट बांधावेत, कारण होडी पाण्याने भरलीच, तर वाळू तिला खाली ओढते, कॅनमधले पाणी मात्र ओढत नाही. तळात साचलेले पाणी लगेच उपसावे. होडी कलते त्याच बाजूला ते धावते. उभे राहून जाळे फेकण्याचा मोह (मलाही होतो) तूर्त आवरावा. जीवरक्षक जाकीट अर्थातच हवे.