घरची फाइल आणि सचिवाची सही

पत्र: फोंडा तालुक्यातील एका ग्रामपंचायतीत मी सचिव आहे. सासरचे जुने घर पाडून थोरले दीर नवे बांधणार आहेत. त्यांचा बांधकाम परवान्याचा अर्ज माझ्याच टेबलावर आला आहे आणि आराखड्यात मागच्या बाजूला सोडायची जागा कमी पडते. सासूबाई म्हणतात, “घरचीच सून सचिव, मग अडते कुठे?” भांडण नको म्हणून तीन आठवडे मी फाइल कपाटात ठेवली आहे. त्यातच गटारांची कामे करणाऱ्या ठेकेदाराने चतुर्थीला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळांच्या सजावटीच्या) सामानासोबत चांदीची समई पाठवली आणि सासूबाईंनी ती देवघरात ठेवली. मी काय करू?

ताई, तुमचे पत्र मी दोनदा वाचले. दिरांची फाइल पुढे रेटायची नाही, हे तुम्ही मनाशी ठरवलेच आहे आणि त्याबद्दल मला तुमचा आदर वाटतो; पण ती कपाटात ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तुम्हाला लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मध्ये कामात मुद्दाम चालढकल करण्यासही मनाई आहे. दीर झाले तरी ते अर्जदार आहेत, आणि त्यांना होकार किंवा नकार वेळेत मिळायला हवा. तो तुमच्या हातून मिळू नये, एवढेच.

घराच्या जागेचा एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातील जमिनीच्या नोंदीचा कागद, काढून पाहा. घर सामाईक असेल आणि त्यावर तुमच्या यजमानांचेही नाव असेल, तर हा प्रश्न दिरांपुरता राहत नाही. पती किंवा पत्नीचे हितसंबंध असलेले प्रकरण कर्मचाऱ्याने स्वतः हाताळू नये, ते वरिष्ठांकडे सोपवावे, असे याच नियमांतील चौथा नियम सांगतो. नियमांतील ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या अरुंद आहे आणि स्वतंत्र कमावणारा दीर तिच्यात बसत नाही, असे कोणी सुचवील. त्या पळवाटेने जाऊ नका, कारण आपल्या सरकारी कामाशी संबंध येणारे खासगी हितसंबंध आपणहून जाहीर करावेत, ही अपेक्षा 2014 च्या दुरुस्तीने तिसऱ्या नियमात स्पष्ट लिहिली गेली आहे.

तेव्हा उद्याच गट विकास अधिकाऱ्यांना चार ओळींचे पत्र द्या: अर्जदार माझे दीर आहेत, घराशी माझ्या यजमानांचा संबंध आहे, या फाइलची छाननी आणि टिपणी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावी. फाइल तीन आठवडे पडून राहिली, हेही त्यातच लिहा. ते नंतर दुसऱ्या कोणी शोधून काढण्यापेक्षा तुम्ही सांगितलेले बरे. पत्राला जावक क्रमांक घाला आणि पोच घ्या. पंचायत मंडळाच्या बैठकीत हा विषय येईल तेव्हा त्याचे इतिवृत्त तुम्ही लिहू नये, हीही विनंती त्यात करा.

समईच्या बाबतीत मात्र मी कठोर होणार आहे. ज्या ठेकेदाराची बिले तुमच्या टेबलावरून जातात, त्याने दिलेली चांदी सासूबाईंनी घेतली म्हणून ती तुमच्यापासून वेगळी होत नाही. घरच्यांना किंवा आपल्या वतीने दुसऱ्या कोणाला अशी भेट घेऊ देण्यासही वर्तणूक नियमांची मनाई आहे. शिवाय भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 याच्या 2018 मधील दुरुस्तीनंतर कामाच्या बदल्यात गैरवाजवी लाभ घेणाऱ्या लोकसेवकाला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, आणि ती समई पुढे कशाच्या बदल्यात मोजली जाईल, हे आज तुमच्या हातात नाही. माटोळीला बांधलेले नारळ आणि आंबाडे आता परत करता येणार नाहीत. त्यांचा उल्लेख समईसोबतच्या पत्रात करा. समई कार्यालयातून, साक्षीदारासमोर आणि जावक नोंदवहीत नोंद करून पाठवा. देवघरातून ती उचलताना सासूबाई दुखावतील, म्हणून आधी त्यांच्याजवळ बसून सांगा की ती देवासाठी आलेली नाही, बिलासाठी आली आहे.

दिरांशी मात्र तुम्ही स्वतःच बोला, यजमानांकरवी निरोप पाठवू नका. “भावजी, तुमची फाइल मी पाहू शकत नाही, ती दुसरे अधिकारी पाहतील, मागची जागा कमी पडते, तेवढा आराखडा अभियंत्याकडून दुरुस्त करून घ्या,” असे सरळ सांगा. ही त्रुटी तुम्ही दुसऱ्या कोणत्याही अर्जदाराला सांगितलीच असती, म्हणून ती त्यांना सांगण्यात काही गैर नाही. ते काही दिवस अबोला धरतील. पण परवाना बिनचूक मिळाला, तर उद्या शेजाऱ्याने तक्रार केली तरी त्यांच्या नव्या भिंतीला धक्का लागणार नाही, हेही त्यांना त्याच बैठकीत सांगून टाका.